पेन्सिल न लावलेला फोटो

तुळशीचं लग्न झालं की धारवाडात उजेड तिरपा होतो. खरं तर तो दसऱ्यापासूनच कलायला लागलेला असतो, पण माझ्या ध्यानात येतो तो मळमड्डीतल्या आमच्या गल्लीत पहिला मांडव पडला की. सकाळी धुकं रेंगाळतं, पेरूवाल्या बायका बुट्ट्या घेऊन दारावर येतात, आणि दुपार कलली की पश्चिमेचं ऊन माझ्या मागच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरून समोरच्या भिंतीवर चढायला लागतं. एरवी ती भिंत गुळगुळीत वाटते. त्या उन्हात मात्र चुन्याचा खडबडीतपणा, रंगाऱ्याच्या कुंचल्याचे फराटे, उपटलेल्या खिळ्यांची भोकं असं सगळं उघडं पडतं. लग्नसराई आणि हा तिरपा उजेड माझ्या मनात एकमेकांना चिकटून बसले आहेत. एक आलं की दुसरं येतंच, आणि त्यांच्या मागोमाग अक्का येते.

यंदा निमित्त झालं शेजारच्या श्रेयाचं. तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालीय, आणि मला फोटोतलं कळतं असा तिच्या घरच्यांचा समज आहे, कारण सगळी नोकरी मी शेतकी कॉलेजात फोटो काढण्यात घालवली. आता ते फोटो होते पानांचे. तांबेरा पडलेला गहू, करपलेली ज्वारी, कीड लागलेला कापूस. तिथल्या शास्त्रज्ञ मंडळींना डाग अगदी स्पष्ट लागत. डाग नीट दिसला नाही तर फोटो परत यायचा. माणसांच्या फोटोतलं मला काय कळणार? पण पोरीने विश्वासाने विचारलं, म्हणून चष्मा लावून तिच्या फोनमध्ये डोकावले. फोटो छान होते. फक्त तिच्या हनुवटीवर चांगला ठसठशीत तीळ आहे, तो एकाही फोटोत नव्हता. तीळ कुठं गेला ग, म्हणून विचारलं, तर ती हसून म्हणाली की फोनच काढून टाकतो, आपोआप. त्यात वाईट वाटण्यासारखं तिला काही दिसलं नाही. ती गेल्यावर मात्र मी कितीतरी वेळ त्या खिडकीपाशी बसून राहिले.

आमच्या वेळी हे काम शिसपेन्सिल करायची. बाजारात एक फोटो स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कुठल्याशा राजवाड्याच्या पायऱ्या, पुढे दोन मोठे दिवे. दोन्ही दिवे समोरून, थेट तोंडावर. स्टुडिओचे मालक, त्यांना सगळे अण्णाच म्हणत, फोटो काढून झाला की निगेटिव्ह एका तिरक्या काचेवर ठेवून, खालून आरशाने उजेड पाडून, सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने त्यावर ठिपके देत बसायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. फोटोत जिथे काळा खड्डा दिसायचा असतो तिथे फिल्म मोकळी, पारदर्शक असते. ती मोकळी जागा पेन्सिलीने भरली की खड्डा बुजला. अण्णांच्या हातून गेलेल्या फोटोंत सासू आणि सून एकाच वयाच्या दिसायच्या, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. याला खोटं म्हणतात हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. लग्नात भिंतीला चुना देतो तसा फोटोतल्या तोंडालाही द्यायचा, एवढंच.

अक्का माझी सख्खी मोठी बहीण. पाच-सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या, आणि जाताना कपाळावर, गालांवर, नाकाच्या शेंड्यावर वण ठेवून गेल्या. आजच्या मुलांना देवीचे वण म्हणजे काय तेही सांगावं लागतं. तो रोग जगातून गेला हे फारच चांगलं झालं. आमच्या लहानपणी मात्र दर गल्लीत असा एखादा चेहरा असायचाच. अक्का हुबळीच्या एका मराठी शाळेत शिकवायची. सकाळच्या बसने जायची, दुपारी खडूने पांढरी झालेली बोटं घेऊन परत यायची, आणि वर्गातल्या पोरांच्या अशा नकला करायची की कोर्टातून दमून आलेले आमचे मितभाषी वडील, अप्पाही, पान चघळायचं थांबून हसायचे. आई तेवढी हसायची नाही. आई अक्काकडे बघायची तेव्हा तिची नजर अक्काच्या कपाळाच्या जरा वर, भांगापाशी, कुठेतरी असायची. हे मला तेव्हा कळत नव्हतं. कॅमेरा हातात आल्यावर कळायला लागलं.

मी सांगतेय तो सीझन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. मी कॉलेजात होते, अक्का पंचविशी ओलांडून गेली होती, आणि दर लग्नसराईला आई तिला अण्णांच्या स्टुडिओत घेऊन जायची. मी सोबतीला. अण्णा आईला म्हणायचे, "काळजी माडब्याड्री, काही चिंता करू नका," आणि खरोखरच काळजी करण्यासारखं काही त्या फोटोत राहायचं नाही. डोळे अक्काचे, वेणी अक्काची, आणि गाल कुणाचेच नव्हेत असे. तो फोटो पत्रिकेबरोबर पाकिटात जायचा. पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना आई हळदकुंकू लावायची. मग कधी गदगहून, कधी सांगलीहून मंडळी यायची. उप्पीट, शिरा, चहा. अक्का येऊन बसायची, आणि आलेल्यांच्या नजरा एकदा तिच्यावर, एकदा एकमेकांवर आणि मग जमिनीवर जायच्या. मंडळी सभ्य असत. चार दिवसांनी पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप यायचा.

त्या साली आलेल्यांतला एक गृहस्थ मात्र फारच चोख निघाला. मुलाचा काका असावा. त्याने खिशातून फोटो काढला, खिडकीशी जाऊन उजेडात धरला, अक्काकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं, आणि अप्पांना अगदी शांतपणे विचारलं, "हा यांचाच ना?" अप्पा हो म्हणाले. अक्का उठली, कप गोळा करायला लागली. मंडळी गेल्यावर मी बेळगावच्या मामांनी दिलेला दोन भिंगांचा कॅमेरा काढला आणि त्या रिकाम्या खोलीचा फोटो घेतला: सतरंजीवरची अर्धवट राहिलेली उप्पिटाची बशी, सरकलेला लोड, उघडं दार. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. बघणारे विचारतात, बशीचा कसला फोटो.

असा फोटो काढायचं मला सुचलं त्याला कारण होते पाटील सर. ते आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, घरी कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि चिडले की दोन्ही. जुन्या सिनेमांचं त्यांना विलक्षण वेड. रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये ते आम्हा दहा-पंधरा जणांना देशोदेशीचे जुने, काळे-पांढरे सिनेमे दाखवायचे. फिल्मचे डबे पुण्याहून रेल्वेने हुबळीला यायचे आणि सर स्वतः बसने जाऊन घेऊन यायचे. गाडी लेट असली की आम्ही नुसतेच बसून राहायचो. हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे नव्हते, म्हणून धनगरांकडून आणलेल्या घोंगड्या टांगलेल्या असत. जुना सिनेमा म्हटलं की मला अजून त्या घोंगड्यांचा लोकरीचा वास येतो, आणि एका घोंगडीच्या भोकातून आत घुसलेला, धुळीने भरलेला उन्हाचा दांडा दिसतो.

सिनेमा संपला की आम्ही उत्साहाने बोलायला लागायचो. नायिकेने असं का केलं, शेवटी तो परत आला असेल का. सर हात वर करायचे. "कथी बिडु. गोष्ट राहू दे. उजेड कुठून आला ते सांगा." कुणालाच सांगता यायचं नाही. मग ते प्रत्येकाला म्हणायचे की अख्ख्या सिनेमातलं एकच चित्र घरी न्या, आठवडाभर सांभाळा आणि पुढच्या रविवारी मला सांगा की त्यात खिडकी कुठे होती, काळोख किती होता आणि माणूस कुठल्या बाजूला बघत होता. शिवाय त्यांनी आम्हाला कोऱ्या पोस्टकार्डाला मधोमध चौकोनी भोक पाडायला लावलं होतं. त्यातून जग बघायचं. मी ते कार्ड डोळ्यासमोर धरून मळमड्डीभर हिंडायचे. विहिरीवरच्या बायका, गाडीची वाट बघत बसलेला टांगेवाला, वाळत घातलेली धोतरं. कोपऱ्यावरच्या काकूंनी आईला विचारलं म्हणे, धाकटीच्या डोळ्याला काय झालंय.

हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते, पण त्या भोकाने मला शिकवलं. सिनेमात एक माणूस घर सोडून जातो, आणि कॅमेरा त्याच्या मागे धावत नाही, उघड्या दाराकडेच बघत राहतो. ते मी घरी आणलं आणि ती बशी दिसली. दुसऱ्या एका सिनेमात बाईची पाठ दिसते, तोंड नाहीच, आणि तरी ती रडतेय हे सगळ्या हॉलला कळतं. तिसऱ्यात पडद्याचा बराचसा भाग काळा ठेवलेला, कोपऱ्यात एक कंदील आणि एक हात. तोपर्यंत मला वाटायचं, फोटो म्हणजे माणूस मधोमध आणि उजेड भरपूर. सरांच्या हॉलमध्ये मला कळलं की काळोखही मोजून-मापून ठेवायचा असतो, आणि माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला त्याच्या नजरेसाठी जागा सोडावी लागते, नाहीतर तो भिंतीला नाक लावून उभा असल्यासारखा वाटतो. पुस्तकांत असेलही हे सगळं. मी मात्र ते घोंगडीच्या वासात शिकले.

एका रविवारी आईने जाहीर केलं की तीही येणार. अंधारात पोरांबरोबर बसून काय बघता ते एकदा बघू दे मला, असं तिचं म्हणणं. अक्कालाही सुट्टी होती, ती म्हणाली मीही येते. अशा आम्ही तिघी गेलो. आई काठापदराचं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. सरांनी तिला वाकून नमस्कार केला तेव्हा ती जराशी विरघळली.

सिनेमा मूक होता. दूरच्या कुठल्या तरी समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव, आणि होडीची वाट बघणारी एक बाई. गोष्ट एवढीच. पण मधेच कॅमेरा त्या बाईच्या चेहऱ्यापाशी जाऊन थांबला, आणि हललाच नाही. भिंतभर चेहरा. रंग नाही, पावडर नाही. वाऱ्याने तडकलेले ओठ, गालांवर ठिपकेच ठिपके, कपाळावर जुन्या जखमेची खूण, आणि उजेड एका बाजूने येणारा, म्हणजे काहीही न लपवणारा. आई माझ्या कानाशी लागली, "एवढं मोठं दाखवायचं तर तोंड तरी नीट करून घ्यायचं की तिनं." मी तिला गप्प केलं. चेहरा तसाच. पहिल्यांदा मला ठिपके दिसले, मग खूण दिसली, आणि मग, किती वेळाने ते सांगता येणार नाही, ते दिसायचं बंद झालं आणि फक्त ती बाई दिसायला लागली. ती घाबरली होती आणि घाबरल्याचं कुणाला कळू देत नव्हती. मी अक्काकडे पाहिलं. अक्का पुढे वाकून बसली होती, हात गुडघ्यांवर घट्ट धरून.

त्या दिवशी मला जे कळलं त्यावर पुढे माझं सगळं काम उभं राहिलं. पडद्यापुढे बसलेल्याला थांबणं भाग असतं, कारण कॅमेरा थांबलाय. डाग ओलांडून माणसापर्यंत पोचायला त्याला वेळ मिळतो. फोटो बघणारा थांबेल याची काही खात्री नाही. तेव्हा ते थांबणं फोटो काढणाऱ्याने आधीच करून ठेवायचं, आणि ते कसंतरी त्या कागदात उतरवायचं. कसं, ते मला आजही नीटसं सांगता येत नाही.

घरी चालत येताना अक्का पुढे झपाझप निघाली होती. आई माझ्याबरोबर. घर जवळ आल्यावर तिने विचारलं, त्या बाईला आई होती का ग. मी म्हटलं, सिनेमात तर दाखवली नाही. "सिनेमातलं नव्हे," आई म्हणाली. "त्या बाईला. खऱ्या बाईला. तिच्या आईनं ते तसं एवढं मोठं बघितलं असेल काय?" मला तो प्रश्न तेव्हा विचित्रच वाटला.

संध्याकाळी अक्का माझ्याशेजारी येऊन बसली. तिने सांगितलं की पुढचा फोटो तू काढायचास, घरी, खिडकीच्या उजेडात, आणि त्याला पेन्सिल लागता कामा नये. मी म्हटलं, आई ऐकायची नाही. तेव्हा ती जे बोलली ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "दर वेळी ती फोटोतली बाई माझ्या आधी खोलीत जाते, आणि मग मी जाते. मला आता तिच्या मागून जायचं नाही. लग्न होवो नाहीतर न होवो."

आईने ऐकलं नाहीच. बहिणीच्या आयुष्याचा खेळ मांडलायस म्हणाली, सिनेमे बघून डोकं फिरलंय म्हणाली, आणि मग काहीच म्हणायची बंद झाली, जे जास्त वाईट होतं. त्यातच सांगलीकडच्या एका स्थळाकडून फोटो मागणारं पत्र आलं. घरात दोन बायका बोलत नाहीत आणि तिसरी वाट बघतेय, अशात अप्पांनी आयुष्यात क्वचित केलं ते केलं, म्हणजे मत दिलं. धाकटी काढू दे एकदा, नाही बरा आला तर अण्णा आहेतच. आई उठून स्वयंपाकघरात गेली.

फोटो काढायचा ठरला त्या दुपारी ऊन सुरेख पडलं होतं. आमच्या मागच्या खोलीत पश्चिमेची खिडकी, तिच्याशेजारी मी अक्काला बसवलं. नुसती बसवली असती तर ती स्टुडिओतल्यासारखी ताठ झाली असती, म्हणून तिच्यापुढे पाखडायच्या सुपात पावट्याच्या शेंगा ठेवल्या आणि सोल म्हटलं. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर अप्पांचं धुतलेलं धोतर पसरलं, म्हणजे सावलीतल्या गालावर थोडा उजेड उलटून पडावा. हेही पडद्यावरच बघितलेलं. तिथे एक पांढरी भिंत होती, इथे धोतर. कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत मान खाली घालून बघितलं. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे अक्का माझ्या सवयीची अक्का नव्हती, कुणी दुसरीच होती, आणि मी तिला पहिल्यांदाच बघत होते. उजेड तिच्या गालावरून सरपटत येत होता आणि प्रत्येक वणात थोडी सावली साठवत होता. मला भीती वाटली. आईचं म्हणणं बरोबर असलं तर, असं मनात आलं. मी थांबले. शेंगा फुटण्याचा आवाज येत राहिला.

आणि एकाएकी काच काळी झाली. मी मान वर केली तर आई. ती कधी आत आली कळलं नाही. ती खिडकी आणि अक्का यांच्या मधोमध येऊन उभी राहिली होती, पाठ खिडकीकडे, आणि तिची सावली अक्काच्या तोंडावर पूर्ण पडली होती. मी म्हटलं, आई, उजेड अडतोय. ती म्हणाली, माहीत आहे मला.

अक्काने सूप खाली ठेवलं. आई तिच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही, त्या धोतराकडे बघत बोलत होती. आमच्याआधी तिला एक मुलगा झाला होता. तो तापाने गेला, एवढं आम्हाला माहीत होतं. देवीची लस टोचणारा माणूस त्याला टोचून गेल्यानंतर महिन्याभरात त्याला घटसर्प झाला होता. त्याचा टोचण्याशी काडीचा संबंध नाही असं डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं होतं, आणि तिला ते पटलंही होतं. पण पुढे अक्का झाली आणि टोचणारा पुन्हा गल्लीत आला तेव्हा तिचे हातपाय तिच्या ताब्यात राहिले नाहीत. चार वर्षांनी तो पुन्हा आला तेव्हाही तेच. "मी लपवलं हिला," आई म्हणाली. "कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांमागं. पहिल्यांदा घरात मूलच नाही म्हणून सांगितलं त्याला, दुसऱ्यांदा दाराला आतून कडीच लावली." धोतराकडेच बघत ती पुढे म्हणाली, "सगळ्या गल्लीतल्या पोरांना टोचलं. माझीच राहिली. तो अण्णा पेन्सिलीनं पुसतो ना, ते बरं वाटतं ग मला. तेवढ्यापुरतं पुसल्यासारखं वाटतं."

इतकी वर्षं आई भांगाकडे का बघते ते मला त्या क्षणी कळलं, आणि कळल्यावर ते न कळलेलं बरं होतं असं वाटलं. अप्पांना माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. मला आईचा राग यायला हवा होता. आला नाही. ती त्या खिडकीपुढे दोन्ही हात जरा पसरून उभी होती, पिल्लांपुढे कोंबडी उभी राहते तशी.

अक्का उठली नाही, रडलीही नाही. ती म्हणाली, "मला आठवतंय की, आई. दुसऱ्यांदा मी चांगली मोठी होते. तू पण माझ्याबरोबर बसली होतीस पोत्यांमागं. माझ्या तोंडावर हात ठेवून. तुझा हात गार पडला होता." आई वळली. अक्का सावकाश, वर्गातल्या पोराला सांगावं तसं म्हणाली, "मला कधीच राग नव्हता. पण आता बाजूला हो. उजेड येऊ दे."

आई बाजूला झाली. अक्काने सूप पुन्हा पुढे घेतलं नाही. ती तशीच बसून राहिली, हात मांडीवर, तोंड अर्धं खिडकीकडे, आणि ज्या बाजूला ती बघत होती तिथे, चौकटीच्या बाहेर, आई उभी होती. मी काचेत त्या बाजूला जागा सोडली आणि बटण दाबलं. दुसरा फोटो काढला नाही.

या सगळ्यानंतर लग्न झालं का, असं विचारणारे असतात, म्हणून सांगून टाकते. नाही झालं. तो फोटो चार-दोन ठिकाणी गेला. पूर्वीपेक्षा कमी मंडळी आली. जी आली त्यांनी अक्काकडे बघून एकमेकांकडे बघितलं नाही, हा फरक पडला, पण तरी जमलं नाही. मग एक दिवस अक्कानेच हा विषय मिटवला. शाळेत ती मुख्याध्यापिका झाली, पुढे विद्यानगरला तिने छोटं घर घेतलं, तिच्या विद्यार्थ्यांची पोरं तिच्या ओट्यावर अभ्यासाला बसायची. ती सुखी होती असं मी म्हटलं तर ती वरून नक्कल करेल माझी. मजेत होती, एवढं खरं. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. पाटील सर तर कधीच गेले, आणि त्या हॉलच्या खिडक्यांना आता चांगले पडदे आहेत. मला अक्काची फार आठवण येते, आणि या दिवसांत तर दुपार झाली की घरात बसवत नाही.

पण तो फोटो घरी आला ती दुपार सांगायची राहिली. कॉलेजच्या डार्करूममध्ये मी तो मोठा करून घेतला होता, वहीच्या पानाएवढा. अक्का शाळेतून नुकतीच आली होती, अजून चप्पलही काढली नव्हती. मी कुणाच्या हातात द्यावा या विचारात होते, तेवढ्यात आईने पदराला हात पुसले आणि तो घेतला. खिडकीशी नेला. मला तो काका आठवला. मग तिने कपाळावरच्या एका वणावर बोट ठेवलं. "हा पहिला," ती म्हणाली. "मी म्हटलं डास चावला असेल." बोट खाली सरकलं. "मग हे नाकाजवळचे. हा मोठा, तू खाजवलास, मी हात धरून बसले होते तरी. हे गालावरचे सगळे एका दिवसात आले." ती एकेक करून सगळे सांगत गेली, ज्या क्रमाने आले त्या क्रमाने, कुठे चुकली नाही, आणि आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो. तोंडाच्या कोपऱ्याशी येऊन बोट थांबलं. तिथे एक बारीक रेघ होती.

"हे काय? हे देवीचं नव्हे," आई म्हणाली. "ही घडी कधी पडली?"

अक्का म्हणाली, झाली की चार-पाच वर्षं. हसून हसून पडली असेल.

आईने फोटो खिडकीत ठेवला. तिने अक्काच्या दंडाला धरलं, तिला जवळ ओढलं, तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं, आणि डोळे अगदी बारीक करून बघायला लागली.

"हलू नको," ती म्हणाली. "नीट बघू दे मला."

अक्का चपला पायात तशाच ठेवून उभी राहिली, आणि ऊन भिंतीवर वर सरकून जाईपर्यंत हलली नाही.